बाळारामशेठ आणि त्यांचा स्टेटस

लग्नाच्या लॉनवर नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे लोकांनी विसरलेल्या वस्तू. चपलांचा एकेक पाय, लहान मुलांच्या टोप्या, एकदा तर कुणाची तरी कवळी! आणि दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. वस्तूंचं बरं असतं, वर्षातून एकदा भंगारवाल्याला बोलावलं की कपाट मोकळं होतं. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते आपल्यालाच सांगत बसावे लागतात.

कल्याण-भिवंडी रोडवर, कोनच्या जरा पुढे, बाळारामशेठचा लॉन होता. मी तिथे मॅनेजर. बुकिंग घ्यायचं, पाण्याचा टँकर मागवायचा, नवरदेवाचा घोडा गेटवर अडला की त्याला ढकलायचं, अशी सगळी मॅनेजरची कामं माझ्याकडे.

दोन हजार सालानंतरचे दिवस होते ते. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहत होती. ज्यांच्या अंगणात काल बैल होते, त्यांच्या अंगणात काळ्या काचांच्या गाड्या आल्या होत्या. शेठनी जमीन विकली नाही. भराव टाकला, हिरवळ लावली, कमान उभी केली आणि लग्नं लावायला सुरुवात केली.

संध्याकाळी ऑफिसात आमची बैठक बसायची. शेठ, मी, मंडप आणि लायटिंगवाले अन्सारीचाचा आणि गायकवाड सर. चाचा बनारसकडून भिवंडीला लूम चालवायला आले होते, पुढे लायटिंगमध्ये शिरले. सर भिवंडीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि लग्नसराईत आमच्याकडे माइकवर निवेदन करायचे. आवाज असा की पावसाळी ढगसुद्धा थांबून ऐकेल.

या बैठकीत एक दिवस 'स्टेटस' हा शब्द शिरला, आणि मग काही केल्या बाहेर पडेना!

*

झालं असं की ठाण्याहून एक गृहस्थ लग्नासाठी जागा बघायला आले. लॉनभर फिरले, कमानीला बोट लावून रंग ओला नाही ना ते पाहिलं, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, "तसं सगळं छान आहे हो. पण आमच्या स्टेटसला बसत नाही."

गाडी धुरळा उडवत गेली. शेठ तिथेच उभे.

संध्याकाळी गायकवाड सर आल्या आल्या शेठनी विचारलं, "सर, स्टेटस म्हणजे काय ओ?"

सर शिक्षक. एका शब्दावर थांबले तर शिक्षक कसले! म्हणाले, "स्टेटस म्हणजे दर्जा. प्रतिष्ठा. पत. समाजातलं स्थान. इभ्रत म्हटलं तरी चालेल."

शेठनी सगळे शब्द बोटांवर मोजले. मग म्हणाले, "एवढं सगळं एकाच शब्दात? आणि तो मानूस म्हनून गेला की ह्यातलं एकबी आपल्याकडं नाय?"

आम्हाला हसावं की नाही कळेना.

"पण सर," शेठनी पुढचा प्रश्न टाकला, "तो स्टेटस, ती स्टेटस, का ते स्टेटस?"

"इंग्रजीत त्याला लिंग नसतं. मराठीत आपण 'ते' म्हणतो."

"'ते' कसं? माझा हाय ना? मंग तो!"

त्या दिवसापासून शेठचा स्टेटस पुल्लिंगी झाला. सरांनी वर्षानुवर्षं व्याकरण शिकवलं, पण इथे त्यांनी हात टेकले.

*

स्टेटस वाढवायचा म्हणजे सुरुवात कुठून करायची? शेठ म्हणाले, "जेवनापासून."

आमच्याकडे तोपर्यंत एकच थाळी होती. शेठनी दोन केल्या. साधी थाळी आणि स्टेटस थाळी. आता फरक काय? भाजी तीच, वरण तेच, जिलेबी तीच. पण स्टेटस थाळीला ताटात कागदी रुमालाचा पंखा उभा करून ठेवायचा, वाढपी पांढरे हातमोजे घालणार आणि पदार्थ एकामागून एक, जरा जरा, नाजूक हाताने येणार. आधी वाटीभर सूप. मग थांबायचं. मग दोन बोटांएवढं कटलेट. मग परत थांबायचं. का थांबायचं? तर शेठ म्हणाले, "मोठी मानसं गडबड करीत नाय."

पहिली स्टेटस थाळी लागली ती पडघ्याच्या एका लग्नात. नवऱ्या मुलाकडच्या वडीलधाऱ्यांसाठी खास पंगत. मधोमध मुलाचे आजोबा बसले होते, डोक्याला फेटा, मिशा पांढऱ्याशुभ्र. सूप आलं, त्यांनी एका घोटात संपवलं. कटलेट आलं, एका घासात संपवलं. मग हातमोजेवाला वाढपी अदबीने वाकून उभा राहिला.

आजोबांनी कागदी रुमालाचा पंखा उचलला, उलटसुलट केला, बाजूला ठेवला आणि शेजारी उभ्या शेठना म्हणाले, "शेठ, स्टेटस झाला. आता जेवायला वाढा!"

त्या दिवशी आजोबांनी जिलेब्या इतक्या खाल्ल्या की वाढप्याने शेवटी हातमोजे काढून ठेवले.

*

त्याच सुमारास मुंबईच्या पार्ट्या आमच्याकडे यायला लागल्या. त्यांच्याबरोबर एक नवीन प्रकार आला, इव्हेंट मॅनेजर! एक तरतरीत मुलगी होती, कानाला वायर, हातात वॉकीटॉकी. ती आल्यापासून प्रत्येकाला एकच विचारत होती. "फुलांचं स्टेटस?" "केटरिंगचं स्टेटस?" "घोड्याचं स्टेटस?" घोडेवाला तिच्याकडे बघून घोड्याकडे बघायला लागला.

मग ती अन्सारीचाचांकडे वळली. चाचा मंडपाच्या खांबाला टेकून विडी ओढत होते.

"चाचा, लायटिंग का स्टेटस?"

"अल्ला का शुकर है बेटी, बहोत अच्छा है."

मुलगी खूश. वॉकीटॉकीवर कळवून टाकलं, लायटिंग ओके. थोड्या वेळाने अंधार पडायला लागला. मंडपात एक दिवा नाही. मुलगी धावत आली.

"चाचा! लाइट कुठंय? काम हो गया बोले थे ना?"

"काम? काम तो अभी शुरू नहीं हुआ. ट्रक कोनगाव के नाके पे फँसा है."

"पर आपने तो कहा स्टेटस अच्छा है!"

चाचांनी विडी विझवली. शांतपणे म्हणाले, "बेटी, तुमने स्टेटस पूछा. भिवंडी में किसी से भी पूछ लो, अन्सारी लायटिंग का नाम है! काम का पूछती, तो काम का बताता."

ट्रक आला, चाचांची माणसं माकडासारखी खांबांवर चढली आणि वरात गेटवर यायच्या आत सगळा लॉन लखलखला. त्या मुलीने कानातली वायर काढली आणि चाचांना वाकून नमस्कार केला. पुढे ती आमच्याकडे जितक्या वेळा आली, तितक्या वेळा चाचांना साध्या हिंदीत विचारायची, "काम हुआ क्या?"

*

पासपोर्टचा एक छोटा किस्सा. शेठना मेहुण्यांबरोबर दुबई बघायला जायचं होतं. भिवंडीतल्या एका एजंटाकडे आम्ही गेलो. एजंट विचारत होता, मी बाजूला बसून होतो.

"नाव? वडिलांचं नाव? जन्मगाव? बरं. मॅरिटल स्टेटस?"

शेठ सावरून बसले. "आपला का तिचा?"

"तुमचा."

शेठनी जरा विचार केला. खोटं बोलायचा स्वभाव नव्हता. म्हणाले, "आपला मध्यमच. सासरच्यांचा मोठा हाय. भरोडीला त्यांची सात गोदामं हायत."

एजंटाने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "मॅरिड."

*

आता निवेदनाचा किस्सा. आमच्या भागात लग्नाला आलेल्या पाहुण्यांची नावं माइकवरून घ्यावी लागतात. नाव घेतलं नाही तर माणूस जेवून जातो, पण पुढची दोन वर्षं बोलत नाही. आणि नाव घेतलं तरी ते कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर घेतलं, हा आणखी मोठा प्रश्न.

शेठनी सरांना सांगून ठेवलं होतं, "सर, नावं स्टेटसपरमानं घ्या."

"शेठ, कुणाचं स्टेटस किती, हे मी कसं ठरवू? मी शाळामास्तर."

"तुमी ठरवू नका. कुनाला राग येनार नाय एवढं बघा."

सरांनी डोकं चालवलं. प्रत्येकासाठी एकच वाक्य तयार केलं. "आणि ज्यांचं नाव खरं तर सर्वांत आधी घ्यायला हवं होतं, असे आमचे सन्माननीय अमुक अमुक!" एक माजी सरपंच आले, हेच वाक्य. सोसायटीचे चेअरमन आले, हेच वाक्य. पतपेढीवाले, गोदामवाले, दोन्ही पक्षांचे पुढारी, सगळ्यांना हेच. प्रत्येक जण फेटा सावरत, मान डोलवत बसायचा. मोसमभर छान चाललं.

मग एका लग्नात गणेशपुरीकडचे एक बुवा आले. भारदस्त माणूस, गळ्यात जाड माळ. त्यांचं नाव सर्वांत शेवटी आलं. ते उठून थेट स्टेजवर गेले आणि सरांच्या हातातला माइक धरला.

"मास्तर, मी सुरवातीपासून ऐकतोय. माझं नाव सर्वांत आधी घ्यायला हवं होतं ना?"

"हो बुवा."

"मग घेतलं शेवटी का?"

भटजींनी अक्षता धरलेला हात खाली केला. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळलेली.

सर म्हणाले, "बुवा, म्हणून तर 'घ्यायला हवं होतं' म्हणालो. घेतलं असतं तर 'घेतलं' म्हणालो असतो!"

बुवा क्षणभर थांबले. मग पोट हलवून असे हसले की माइक शिट्टी मारायला लागला. पण त्या दिवसानंतर सरांना ते वाक्य वापरता आलं नाही. लोक आपलं नाव आलं की ओरडायचे, "हवं होतं का घेतलं?"

*

कोर्टाचा किस्सा मात्र खऱ्या ताणाचा होता.

लॉनच्या कडेला पार्किंगची एक पट्टी होती. पलीकडची जमीन शेठच्या चुलतभावाची, दशरथची. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. पण भराव पडला, जमिनीला भाव आला आणि दशरथ म्हणायला लागला, पट्टी माझी. एक दिवस त्याने विटांचा ट्रक आणून उभा केला. भिंत घालणार! भिंत झाली असती तर आमच्याकडे गाड्या लावायला जागा उरली नसती आणि बिनपार्किंगचा लॉन म्हणजे बिनपाण्याची विहीर. शेठनी कोर्टात धाव घेतली. त्या दिवसांत त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. एकदा मला म्हणाले, "जमीन जाईल ती जाईल, पन दशरथ समोरून गेला तरी बघत नाय रे. त्याचा त्रास जास्त होतो."

कोर्टाच्या तारखेच्या दिवशी आम्ही सगळे ऑफिसात बसलो होतो. वकिलांचा फोन आला. शेठनी ऐकलं, "हो, हो" म्हणाले, फोन ठेवला आणि उभे राहिले. चेहरा उजळलेला.

"कोर्टानं स्टेटस दिला!"

"काय दिलं?" मी विचारलं.

"स्टेटस! वकील म्हनाला, शेठ, स्टेटस को मिळाला! लय आनंदात होता."

"स्टेटस को? ते 'को' क्या है?" चाचांनी विचारलं.

"मना काय म्हाईत. वकील मधीच हिंदी बोलतो."

चाचा म्हणाले, "स्टेटस को सलाम बोला होगा जज साहब ने. और क्या बोलेगा!"

शेठनी ड्रायव्हरला पेढे आणायला पाठवलं. पेढे आले, तोंडं गोड झाली. तेवढ्यात कुंपणापलीकडून फटाक्यांचा आवाज! बघतो तर दशरथकडेही पेढे वाटणं चाललेलं. शेठ चक्रावले. "आरं, त्याला कसला आनंद? हरला ना तो?"

तेवढ्यात सर शाळेतून आले. त्यांना सगळं सांगितलं. सरांनी कपाळावर हात मारला.

"शेठ, तो 'को' हिंदी नाही. स्टेटस को. म्हणजे जैसे थे! पुढच्या तारखेपर्यंत सगळं आहे तसंच ठेवायचं. भिंत घालायची नाही, काही पाडायचं नाही."

शेठ खुर्चीत बसले. हातातला पेढा हातातच राहिला.

"म्हंजे कोर्टानं सांगितलं, बाळाराम, तू होतास तसाच ऱ्हा?"

"हो."

"आनि दशरथला?"

"त्यालाही तेच. होतास तसाच राहा."

शेठनी पलीकडे पाहिलं. दशरथ कुंपणाशी उभा राहून इकडेच बघत होता. बहुतेक त्यालाही कुणीतरी नुकताच अर्थ सांगितला असावा. त्याच्याही हातात पेढा तसाच होता.

शेठ उठले, पेढ्यांचा पुडा घेऊन कुंपणाशी गेले. म्हणाले, "दशरथ, घे. दोगंबी होतो तसंच ऱ्हायचं हाय, कोर्टाची आर्डर हाय."

दशरथने पेढा घेतला. "होतो तसं म्हंजे कवाचं?" त्याने विचारलं. "ईट आनायच्या आधीचं?"

"आधीचं रे. एका ताटातलं!"

भिंत झाली नाही. विटांचा ट्रक दशरथने परत पाठवला, आणि पट्टीवर दोघांच्याही गाड्या लागायला लागल्या. केस पुढे आपोआप कधी संपली, ते वकिलांनाही नीट आठवत नाही.

*

एकदा हळदीच्या कार्यक्रमात शेठनी मटण जरा जास्तच खाल्लं. दुपारी छातीत कळ आली, घाम सुटला. आम्ही गाडीत घालून त्यांना कल्याणच्या दवाखान्यात नेलं. यमुनावहिनी, म्हणजे शेठची बायको, बरोबर होत्या. वाटभर मंगळसूत्र मुठीत धरून बसल्या होत्या.

शेठना आत घेतलं, छातीला वायरी लावल्या. नर्सने पडद्याजवळ उभं राहून मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचा आवाज पडद्याबाहेर आम्हाला ऐकू येत होता. "पेशंटचं स्टेटस काय आहे?"

नर्स मशीनकडे बघायला वळली. त्या आधीच वहिनी पुढे झाल्या. डोळे पुसले, पदर खोचला आणि फोनजवळ तोंड नेऊन सांगायला लागल्या, "सोताचा लॉन हाय. दोन गाड्या हायत. गावात देवळाच्या कमिटीवर हायत. काय लागंल ते करा डाक्टर, मानूस साधा नाय!"

नर्सने ओठ दाबले. मशीन बघितलं आणि फोनवर म्हणाली, "सर, स्टेटस नॉर्मल आहे."

तेवढ्यात पडद्यामागून शेठचा आवाज आला, तोंडावर मास्क असल्याने घोगरा, पण रागावलेला.

"नॉर्मल कसा? बाई सांगते ती ऐकू येत नाय का?"

आवाज ऐकला आणि वहिनी मटकन खाली बसल्या. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा फुटलं. अ‍ॅसिडिटी निघाली. पण त्यानंतर वहिनींनी हळदीच्या जेवणात शेठच्या शेजारी बसायचा नेम धरला, आणि शेठनी मटणाची दुसरी नळी उचलली की त्या एवढंच म्हणायच्या, "नॉर्मल!"

*

आता शेवटचा सांगतो. हा मी सगळीकडे सांगतो, आणि वैशालीसुद्धा हसत हसत सांगते, म्हणून सांगायला हरकत नाही. लग्न झालं, आमच्याच लॉनवर झालं, हेही आधीच सांगतो. नाहीतर तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल.

वैशाली ही शेठची मुलगी. बी.कॉम. झालेली, हुशार. आमच्या लॉनवरच्या एका लग्नात तिला कल्याणचा एक इंजिनिअर मुलगा आवडला, त्यालाही ती आवडली. आपल्याच जातीतला, चांगल्या घरचा. पण मुलाचे वडील एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, मोठ्या सोसायटीत फ्लॅट, आणि मुलाच्या आईबद्दल तर असं कानावर आलं होतं की बाई फार स्टेटसवाली आहे. ती लॉनवाल्याची मुलगी करून घेईल का, याची घरात धास्ती. वैशाली आठवडाभर नीट जेवली नव्हती.

आणि घरात एक अडचण होती. शेठची आई.

बारकूबाय सत्तरीच्या पुढची. कपाळावर मोठं गोंदण, काष्ट्याचं लुगडं. मुलाकडे लॉन आला, गाड्या आल्या, बंगला आला, पण म्हातारीने मासळीची पाटी सोडली नव्हती. खाडीची मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घ्यायची, पूल ओलांडून कल्याणच्या बाजारात जाऊन बसायचं. शेठ हजारदा म्हणाले, "आय, लोक काय म्हनतील? आपला स्टेटस काय हाय आता!" म्हातारी म्हणायची, "तुजा स्टेटस तुज्याजवल ऱ्हाऊ दे. माजी गिऱ्हाईकं वाट बगतात."

पाहुणे यायचे त्या दिवशी शेठनी आईचे पाय धरले. "आय, आजच्या दिवस जाऊ नको."

"निवटे घेतलेत ना रं मी. ते काय तुज्या पावन्यांसाठी थांबतील?"

"मंग निदान मागच्या दारानं ये. पावने जाईपत्तूर हॉलमधी येऊ नको. वैशूचा परश्न हाय."

नातीचं नाव ऐकून म्हातारी "बरं," म्हणाली, आणि पाटी उचलून गेली.

पाहुणे सकाळी येणार होते, ते आले दुपारी. मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या शर्टात. आई भारी साडीत, हातात मोठी पर्स, बोलणं तोलून मापून. मुलगा मान खाली घालून. इंग्रजी निघालं तर सांभाळायला शेठनी गायकवाड सरांना बोलावलं होतं, आणि हिशेबाच्या माणसासारखा मी एका कोपऱ्यात.

बाई बोलत होत्या. "आमच्याकडे सगळं स्टँडर्डचं लागतं हो. ह्यांची पोझिशन तशी आहे. मासळीसुद्धा आम्ही दुकानातूनच मागवतो, पॅक केलेली. बाजारात जाऊन त्या बायकांशी घासाघीस करणं मला जमतच नाही. शेवटी स्टेटस म्हणून काही असतं ना?"

"असतं ना," शेठ कसेबसे म्हणाले. वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

आणि त्याच वेळी मागच्या दाराचा आवाज झाला. म्हातारी आली होती. ठरल्याप्रमाणे मागच्याच दाराने आली, पण मागच्या दारातून पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर हॉलचं दार आडवं येतं. म्हातारी त्या दारात थांबली. डोक्यावर रिकामी पाटी, पदराने घाम पुसत होती. शेठनी डोळे मिटून घेतले.

म्हातारीने आत नजर टाकली. आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"अगो बाय! तू इकरं कशी?"

मुलाच्या आईने पर्स उघडली आणि त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

म्हातारी थेट तिच्यासमोर येऊन बसली, पाटी बाजूला ठेवली. "वलखलं न्हाय का गो? मी बारकूबाय! बाजारात नलाजवल बसते ती! तू दर आयतवारी येतेस ना?"

"तुम्ही... तुमची काहीतरी चूक होतेय..." बाई पर्समधूनच बोलल्या.

"चूक कशी व्हईल?" म्हातारीचा आवाज मायेने भरून आला. "तुज्या घरवाल्याला नोकरी लागली का गो?"

बाईंनी पर्स बंद केली आणि परत उघडली.

मुलाच्या वडिलांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "कुणाची नोकरी?"

"हा का तुजा घरवाला?" म्हातारीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बरा दिसतो आता. काय सांगू तुमाला, बिचारी डोल्यांत पानी आनून सांगं, मावशे, नवरा दोन वरसं घरात बसलाय, पोराला कालवन न्हाय, मासलीच्या वाट्यावर काय तरी घाल. मना दया येयाची. मी दर बारीला दोन चिंबोऱ्या वर घालायची. ह्यो पोर काय? माज्या चिंबोऱ्यांवर मोटा झाला गो!"

मुलाने तोंडावर रुमाल दाबला होता आणि त्याचे खांदे हलत होते. वैशालीच्या हातातला ट्रे सरांनी उठून धरला म्हणून वाचला. मुलाचे वडील बायकोकडे बघत होते. बाई पर्सकडे. शेठ कुणाकडे बघावं ते न कळून माझ्याकडे.

म्हातारीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग वैशालीकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे. गुडघ्यावर हात ठेवून उठली, शेठच्या जवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या मते अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाला, स्टेटस-बिटस काय बगू नको. गरीब हायत बिचारी, पन मानसं चांगली हायत. देऊन टाक पोर!"